गाडीचे कान

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ती जर्मन गाडी घरी आणली त्या सकाळी आई अंगणात सुकट वाळत घालत होती. जूचंद्रच्या आमच्या गल्लीत गाडी शिरली ती पोट घासतच. दादा उतरला, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून दारापाशी उभा राहिला. आईने हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही बसलीय का उभी हाय?"

तेव्हा नायगाव पूर्वेला जिथे बघावं तिथे इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, आणि दादाचा धंदा रेती-विटा पुरवण्याचा. त्याचे दिवस बरे चालले होते. मुंबईतल्या कुणा हौशी गृहस्थाकडून त्याने ही गाडी जुनी म्हणून घेतली होती. तो गृहस्थ ती का विकतोय, हे विचारायचं मात्र दादाला सुचलं नव्हतं. रंगाला दादा काहीतरी बंदुकीच्या धातूचं नाव सांगायचा. आईच्या मते तो चहाच्या पातेल्याच्या बुडाचा रंग होता.

गाडीला क्लच नव्हता. गिअर ती आपले आपण बदलायची. पण ज्याला हौस असेल त्याच्यासाठी स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. बोटाने उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. दादाचा सगळा जीव त्या पात्यांत. "याला पॅडल म्हणतात," त्याने आम्हाला सांगितलं. आईने वाकून खाली पायांपाशी बघितलं. तिला सायकलचं पायडल वाटलं होतं. बाबांनी मात्र हात घालून ती दोन्ही पाती चाचपली, थोडी ओढून पाहिली आणि म्हणाले, "हे तर कान हायेत." त्या दिवसापासून आमच्या घरात पॅडल हा शब्द कुणी वापरला नाही. दादा गाडी काढायला निघाला की वहिनी म्हणायची, निघाले कान पिळायला.

मी तेव्हा माणिकपूरच्या एका कचेरीत नोकरीला होतो. दादा कधीमधी गाडी मला चालवायला द्यायचा, आणि मी ती सरळ आपोआपवर टाकून द्यायचो. हे दादाला सहन होत नसे. त्याचं म्हणणं, असली गाडी आपोआप चालवणं म्हणजे जिलेबी चमच्याने खाणं. "तू गाडी चालवत नाहीस," तो मला म्हणायचा, "गाडी तुला चालवते." माझं म्हणणं इतकंच होतं की आमच्या घरापासून नायगाव स्टेशनपर्यंत वाटेत रिक्षा, म्हशी, भाजीवाल्या आणि खड्डे असे काही पसरलेले असतात की दुसऱ्या गिअरच्या वर जायचा योगच येत नाही. दादा उजवा कान ओढायचा, तेवढ्यात समोर रिक्षा वळायची, की लगेच डावा. परत उजवा, परत डावा. इंजिन गुरगुरायचं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने पुढे सरकायची. वहिनी एकदा शांतपणे म्हणाली, पोरांना एवढं वळण लावलं असतंत तर बरं झालं असतं.

वाद मिटवायला आम्ही एका रविवारी सगळे कळंबच्या समुद्रावर गेलो. जाताना दादाने कान पिळत नेलं, येताना मी आपोआपवर आणलं. निकाल वहिनीने द्यायचा होता. ती म्हणाली, "जाताना मला झोप लागली नाही, येताना लागली." दादाने याचा अर्थ असा लावला की त्याचं चालवणं जिवंत आहे. मी माझा अर्थ लावला. वाद होता तिथेच राहिला.

बाबा या सगळ्यात पडत नव्हते, कारण त्यांच्या लेखी आम्ही दोघेही ड्रायव्हर नव्हतो. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं जीप चालवली होती. सकाळी गावातली भाजी आणि माणसं स्टेशनला, संध्याकाळी माणसं आणि रिकाम्या पाट्या परत. त्या जीपचा तिसरा गिअर आपोआप सुटायचा, म्हणून बाबा तो गुडघ्याने दाबून धरत. अशा माणसाला गिअर नसलेली गाडी म्हणजे मीठ नसलेलं कालवण. "गिअर नाय, मग डायवर कशाला पायजे?" असं म्हणून ते बाजूला व्हायचे. पण मन राहत नव्हतं, हे दिसायचं. दादा नसला की गाडीत जाऊन नुसते बसायचे.

शेवटी एकदा दादानेच त्यांना चालवायला बसवलं. दादा शेजारी, मी आणि वहिनी मागे, वहिनीच्या मांडीवर आमटीचा डबा. गाडी सुरेख निघाली. गल्लीच्या तोंडाशी बाबांनी सवयीने डावा पाय क्लचवर मारला. क्लच नव्हताच. तिथे ऐसपैस ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थिजली, दादाचा चष्मा काचेवर आपटला आणि आमटीने मागची चामड्याची सीट भिजवली. बाबा म्हणाले, "ब्रेक चांगला हाय." पुढच्या वळणावर परत तेच. पायाला समजावून सांगता येत नव्हतं, एवढ्या वर्षांची त्याची नोकरी होती. मग बाबांनी त्यांचा उपाय केला. डावा पाय उचलून सीटवर घेतला आणि जेवायला बसल्यासारखी अर्धी मांडी घातली. आता पाय चुकणार नव्हता. दादा चामड्याच्या सीटवरच्या त्या पायाकडे बघत राहिला.

आणि मग बाबांना कान सापडले. रिकामा डावा हात गिअरचा दांडा शोधत होता, तो डाव्या पात्यावर पडला. त्यांनी एकदा ओढलं, कान देऊन आवाज ऐकला, परत ओढलं. स्टेशनला जाऊन परत येईपर्यंत त्यांनी इतके गिअर बदलले की दादासुद्धा म्हणाला, बाबा, जरा तिला श्वास घेऊ द्या. घरी आल्यावर आईला सांगितलं की गाडी बरी आहे, फक्त चालवणारा हवा.

आई पायरीवर बसून वाल सोलत होती. ती म्हणाली, "मग मी चालवून बघते."

आम्ही हसलो, कारण आई विनोद करते तेव्हाही तिचा चेहरा असाच असतो. पण हा विनोद नव्हता. मला लहानपणची एक गोष्ट अंधुक ठाऊक होती. लग्नानंतर काही वर्षांनी बाबांनी तिला जीप शिकवायला घेतली होती. तिने क्लच एकदम सोडला आणि जीप बांध ओलांडून भाताच्या खाचरात जाऊन उभी राहिली. नुकसान काही झालं नव्हतं, पण गावाने ते बघितलं होतं आणि बाबांनी तो विषय बंद केला. आईने नंतर कधी काढला नाही. आम्हाला वाटलं, तिची हौस फिटली. आता साठीच्या उंबरठ्यावर, डावा गुडघा दुखरा असताना, तिने पायांपाशी वाकून नेमकं काय पाहिलं होतं ते त्या दिवशी कळलं. "डाव्या पायाला काम नाय ना हिच्यात?" तिने मला विचारलं. मी नाही म्हटलं. "मग झालं तर."

दादा आईला नाही म्हणू शकत नाही. शिकाऊ परवाना आला. लाल रंगाचा ठसठशीत एल दादाने स्वतःच्या हाताने गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवला, आणि चिकटवताना त्याचा चेहरा असा होता की वहिनी आत निघून गेली. जी गाडी क्षणात शंभराचा वेग गाठते म्हणून तो मित्रांना सांगत फिरायचा, तिच्यावर तो एल महिनोन्महिने राहिला. धंद्याच्या कामाला जातानाही तो काढायची आईची परवानगी नव्हती. परत लावताना वाकडा लागतो, असं तिचं म्हणणं.

शिकवणी मिठागरांच्या मधल्या रस्त्यावर व्हायची. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मिठाचे चौकोन, सकाळी रहदारी नाही. शिकवणारा मी, कारण दादाने शिकवलं असतं तर कानांपासून सुरुवात केली असती. आईने निऱ्या गुडघ्यात दाबून धरल्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं पकडलं की जणू डोक्यावरची पाटी पडतेय, आणि ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी आपोआप हळूहळू चालू लागली. आई बराच वेळ तशीच चालवत राहिली. मग समोरून नजर न हलवता म्हणाली, "एवढंच होतं?" तिच्या आवाजात आनंद होता आणि थोडा रागही होता. कुणावर, ते मी विचारलं नाही.

बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून सूचना करायचे. तिसऱ्या दिवसापासून ते आत बसू लागले. दादाही मध्ये येऊन गेला आणि त्याने आईला कान समजावून सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडीला कलतं ना कधी बदलायचं? मग आपन मध्ये कशाला बोलायचं?" मला आयुष्यात पहिल्यांदा आईने माझी बाजू घेतल्यासारखं वाटलं, आणि मी ते दादाला पुढे बरेच दिवस ऐकवलं.

परीक्षेत आई पास झाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला मैदानात एक वळसा आणि थोडं मागे जायला लावलं, आणि मग दादाला बाजूला घेऊन विचारलं, स्टिअरिंगच्या मागे ते काय आहे? दादाने त्यांना मनापासून समजावलं. घरी येताना पेढे आईसाठी घेतले होते, पण खुशीत दादा जास्त दिसत होता.

त्यानंतरची एक सकाळ मला नीट आठवते. ठाण्याला आईच्या बहिणीकडे जायचं होतं आणि आईने ठरवलं होतं की चालवत तीच नेणार. शेजारी बाबा, मागे मी. महामार्ग सोडून आम्ही घोडबंदरच्या घाटाला लागलो. चढ आईने आरामात काढला. उतार लागला तशी गाडी तिच्या हाताबाहेर धावू लागली. पुढे मालाने भरलेला ट्रक, मागे बस. आई ब्रेक दाबत होती, सोडत होती, परत दाबत होती. काही वेळाने गाडीत करपल्यासारखा वास येऊ लागला. तिचे खांदे वर चढले होते. मी मागून काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात करून मला थांबवलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते अगदी हळू बोलले.

"डावा कान ओढ. एकदाच."

आईने ओढला. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा कुणीतरी मागून पदर धरावा तशी ती रोखली गेली. "आजून एकदा," बाबा म्हणाले. तिने ओढला. आता ब्रेकला पाय न लावताही गाडी ट्रकमागे जपून उतरू लागली. आईचे खांदे खाली आले. बाबा पुढे बघत म्हणाले की जीपमध्ये ते हेच करायचे, उतारावर गाडी गिअरने धरायची, ब्रेकने नाही. हे तिला तेव्हाच शिकवायचं राहून गेलं. आईने वळून बघितलं नाही. रस्ता तसा होता.

घाट संपला, रस्ता सपाट झाला. काही वेळ गेला. बाबांना वाटलं असावं की आता आपल्याच मताचं राज्य. त्यांनी सुचवलं, आता उजवा ओढ.

"नाय," आई म्हणाली. "उतारावर तुमचं ऐकते. सपाटीवर मी आनि गाडी बघून घेऊ."

ठाण्याला पोचल्यावर मावशीला तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही की आपण घाट उतरलो. बाबांनी सांगितली ती ही की आपण उतरवला.

दादाने ती गाडी दोन-तीन पावसाळ्यांनंतर विकली. आमच्याकडच्या गतिरोधकांनी तिच्या पोटाची चाळण केली होती, आणि मुंबईच्या त्या गृहस्थाने ती का विकली असावी, याचा अंदाज आम्हाला आला होता. आईसाठी एक छोटी आपोआप चालणारी गाडी आली. तिला कान नव्हते. दादाने उंच गाडी घेतली, तिला चांगला लांब गिअरचा दांडा होता, आणि तो आता सांगू लागला की खरी मजा दांड्यातच आहे.

जर्मन गाडी न्यायला एक तरुण जोडपं वसईहून आलं होतं. बाबांनी त्यांना स्वतः गाडी दाखवली. कान कसे ओढायचे, चढावर काय, उतारावर काय, सगळं सांगितलं. एकदा मांडी घालूनही दाखवली. मुलाने आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, काका, चालवणार जास्त करून हीच आहे, आम्ही आपोआपवरच ठेवू.

मुलीची पाठवणी करावी तसे बाबा गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत उभे होते. आत आल्यावर आईला म्हणाले, "स्थल काय बरोबर नाय मिललं." आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली की चालवणारी मुलगी हाताने हलकी दिसत होती, नीट सांभाळेल.