सोयरिकीसारखी एका शहराची चौकशी

आमच्याकडे पोरगी द्यायच्या आधी घरातला एक म्हातारा माणूस न सांगता त्या गावी जाऊन येतो. पाहुण्यांच्या घरी तो जात नाही. सलूनमध्ये बसतो, पिठाच्या गिरणीत बसतो, चहाच्या टपरीवर बसतो आणि ऐकतो. याला चौकशी म्हणतात. आमच्या भावकीत हे काम कायम माझ्याकडे आलं, कारण माझा स्वभाव काळजीचा. दुसऱ्याला काही दिसत नाही तिथं मला खड्डा दिसतो. माझी शाळा सातवीत सुटली, पण चौकशीत मी कधी नापास झालो नाही.

या वेळी मुलगा पाहायचा नव्हता. शहर पाहायचं होतं.

माझी नात सुजाता पुण्यात फिजिओथेरपी शिकली. लकवा झालेले हातपाय, धरलेले गुडघे, मोडलेली कंबर व्यायामाने चालती करायची, असं ते शिक्षण आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली पोरगी. पुण्याच्या दवाखान्यात तिने काही वर्षं नोकरी केली. मग एक दिवस सामान बांधून जालन्याला आली, खोली घेतली, सकाळी एका दवाखान्यात काम करू लागली आणि आता म्हणते की स्वतःचं सेंटर टाकते. तिचा बाप, माझा मुलगा मिलिंद, चाकणला कंपनीत आहे. तो फोनवर ओरडला, "लोकं जालन्याहून पुण्याला येतात, हिची गाडी उलटी!" बापलेकीचं बोलणं बंद पडायची वेळ आली, तेव्हा दोघांनी एकच गोष्ट मान्य केली. आबा म्हणतील तसं. आबा म्हणजे मी. सेंटरसाठी तिने पाहिलेल्या गाळ्याच्या मालकाला रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

सुजाताला वाटलं मी शनिवारी येणार. मी शुक्रवारीच निघालो. चौकशीचा पहिला नियम तोच आहे.

आमच्या केदारखेड्याहून जालन्याची एसटी राजूरवरून जाते. माझ्यासारखे जे पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेत त्यांना तिकीट लागत नाही, आधार कार्ड मात्र खिशात वर ठेवा. चतुर्थीला या रस्त्याने जाऊ नका, राजूरला गणपतीची गर्दी असते आणि उभं राहावं लागतं. मी पिशवीत बीपीच्या गोळ्या, बॅटरी, छत्री, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेतला होता. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही हे मी ऐकून होतो.

कंडक्टरने कॅन पाहिला. "बाबा, जालन्याला चाल्ले का वाळवंटात?"

"पानी येत न्हाई म्हन्तेत तिथं."

"मंग तिथली लोकं काय उंटं हायेत का?"

सगळी गाडी हसली. मी कॅन पायाजवळ घट्ट धरून बसलो. हसणाऱ्यांपैकी कोणी मला पाणी पाजायला येणार नव्हतं.

बसस्टँडवरून वीस रुपयांत शेअर ऑटो नवीन जालन्यात सोडते. ऑटोवाला तीस म्हणाला तर उतरायचं नाटक करा. सुजाताची खोली स्टेशनच्या बाजूला आहे एवढं मला माहीत होतं. तिची गल्ली टाळून दोन गल्ल्या अलीकडे एका सलूनमध्ये शिरलो. दाढी पन्नास रुपये, आमच्या गावापेक्षा महाग, पण गरम पाणी आणि नवीन ब्लेड. सलूनवाल्याला सांगितलं की नात्यातल्या पोरीसाठी खोली पाहतोय.

"शहर कसंय?" मी विचारलं.

"एक नंबर. जालना, सोने का पालना. ऐकलं न्हाई का?"

"अन् पानी?"

"येतं की."

"कवा?"

"आलं म्हंजी आलं. मोबाइलवर गल्लीचा ग्रुप हाय, रातच्याला जरी आलं तरी मेसेज पडतो. टाकी भरून ठिवायची, बास. धूळ लय हाय, ते खरंय. रस्ता केला की महिन्यात उकरतेत. मोठं दुखनं निघालं तं संभाजीनगर गाठावं लागतं. पन बाबा, इथून कुठंबी जा, ऑटोत बसलं की भाडं काढूस्तर उतरायची येळ येती. पुन्यात माझा साडू दोन घंटे नुसता कामावर जायला घालून राह्यला."

मी हे सगळं मनात मांडत होतो. मग वस्तरा गळ्याशी आला आणि तो म्हणाला, "तुमी लोकं कोन?"

"केदारखेड्याचे."

"गाव न्हाई इचारलं, बाबा."

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. मी आडनाव सांगितलं. वस्तरा थांबला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. "मला काई न्हाई," तो म्हणाला. "पन काई मालक इचारतेत. खोटं कशाला बोलू?"

तिथून गिरणीत गेलो. गिरणीवाल्या बाई माझ्याच वयाच्या, केसांवर पिठाचा थर. त्यांना विचारलं, एकटी पोरगी इथं राहू शकेल का?

"राहती की. हितं एक मॅडम राह्यती, गुडघ्याची."

"गुडघ्याची?"

"गुडघे नीट करती वो. दळनाचा डबा घिऊन येती अन् माझा पाय हातात घिऊन बसती. मी म्हन्ते, पोरी, सोड, पीठ लागंल. ती म्हन्ती, मावशी, पाच येळा उचला, मंग सोडते. ह्या पायानं मी जिना चढना झाल्ते. आता बघा." आणि बाईंनी माझ्यासमोर पाय सरळ करून दाखवला.

माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं. पण नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवलं. तेवढ्यात बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन लय फिरली बिचारी. आल्ती तवा चार घरी खोली बघून आली. आधी हो म्हनायचे, आडनाव ऐकलं की म्हनायचे, खोली आताच गेली. पाचव्यानं दिली."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. घरी फोन करून तिने सांगितलं होतं, "आबा, खोली मिळाली, हवा छान आहे." माझा फुगलेला ऊर तिथंच बसला. बाकड्यावर बसून मी मनात निकाल लावून टाकला. नाही. पोरगी पुण्याला परत. चार दारांवरून परत आलेली माझी नात मला त्या शहरात ठेवायची नव्हती.

भाकरीचं फडकं सोडत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, गिरणीत काय करताय?"

"कोन म्हन्लं गिरणीत?"

"सलूनवाल्या दादांनी माझ्या दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं. पाण्याचा कॅन घेऊन केदारखेड्याचे एक बाबा माझ्या गल्लीजवळ खोली शोधताहेत, आता गिरणीत शिरलेत म्हणे. जागचे हलू नका."

चौकशी एवढ्या लवकर फुटल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ती हेल्मेट घालून स्कूटीवर आली. माझा कॅन पाहून आधी पोट धरून हसली, मग गिरणीवाल्या बाईंना म्हणाली, "मावशी, हे माझे आबा." बाईंनी कपाळावर हात मारला, त्यांच्या कपाळाला पिठाचा पंजा उमटला.

स्कूटीवर मागे बसून मी तिला तीन चौकांत तीनदा हळू चालव म्हणालो. तिची खोली लहान, पण उजेडाची. गच्चीवर मोठी टाकी, गळ्यापर्यंत भरलेली. माझ्या कॅनमधल्या पाण्याचा तिने चहा केला, "गावचं पाणी" म्हणून घरमालकालाही वर बोलावून पाजला. हाच तो पाचवा माणूस. रिटायर झालेला, कमी बोलणारा. जाताना एवढंच म्हणाला, "पोरगी कामाची आहे, बाबा. वेळेवर येते, वेळेवर जाते. आमच्या लक्षात असतं." हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना. तिच्यावर सगळ्या गल्लीचा डोळा आहे, ही काळजीची गोष्ट. तिच्यावर सगळ्या गल्लीचा डोळा आहे, ही निवांत झोपायचीही गोष्ट.

संध्याकाळी मोतीबागेच्या तलावावर गेलो. मोसंबीचा रस तीस रुपये, बर्फ नको सांगा. मी तिला सरळ विचारलं, "चार घरांचं का न्हाई सांगितलं?"

तिने रसाचा ग्लास खाली ठेवला. "तुम्ही म्हणाला असता, परत जा."

"आता बी म्हन्तो."

"कुठं, आबा? पुण्यातही हेच झालं होतं. तिथं गोड बोलून फोन ठेवायचे. तिथं एवढी वर्षं राहिले, पण जिन्यात भेटणाऱ्या बाईला माझं नाव माहीत नव्हतं. इथं ज्यांनी खोली नाही दिली, त्यांच्यातली एक बाई आईचा खांदा दाखवायला दवाखान्यात आली. मी खांदा पाहिला. तिने मान खाली घातली. पुण्यात अशी कोणी परत समोर येत नाही." मग म्हणाली, "इथं मी कोण आहे ते लोकांना माहीत आहे. आता मी काय करते तेही माहीत होऊ दे."

रात्री जेवणात ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी तिने केली होती. आमटीत तिखट जास्त. तरी मी दोनदा वाढून घेतली.

शनिवारी गाळा पाहिला. रस्त्याच्या पातळीवर, पायरी एकच, म्हणजे लकव्याचा माणूस खुर्चीसकट आत येईल. गाळ्याच्या मालकाला आडनाव तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, हेही तिथंच कळलं. शेजारी औषधांचं दुकान, समोर ऑटोचा थांबा. मी वायरिंग पाहिली, छताला ओल आहे का पाहिलं, संडासाची कडी तीनदा लावून पाहिली. खोट काढण्यासारखं फार सापडलं नाही, आणि गिरणीत ठरवलेलं 'नाही' ढिलं पडलं.

बोर्ड रंगवणारा पेंटरही तिने बोलावून ठेवला होता. फ्लेक्सचा रंग इथल्या उन्हात उडतो, म्हणून पत्र्याचा बोर्ड. मी तिला बाजूला घेतलं. "बाई, नुसतं सुजाता लिही. सुजाता फिजिओथेरपी सेंटर. आडनाव कशाला? लोकं आधी आत तर येऊ दे."

ती रागावली नाही. म्हणाली, "आबा, चौकशी तुमची. बोर्डही तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तसा." आणि आत जाऊन खिडकी पुसत बसली.

पेंटर खडू घेऊन उभा. "बोला बाबा, काय लिहू?"

मी त्या कोऱ्या पत्र्याकडे पाहिलं. सलूनमध्ये मी आधी गावाचं नाव सांगितलं होतं, आडनाव विचारल्यावर काढलं होतं. ज्या पोरीला चार दारं लागली, तिने पाचव्या दारातही पूर्ण नावच सांगितलं असणार. मी पेंटरला तिचं नाव सांगितलं, मग तिच्या बापाचं, मग आडनाव.

"आडनाव बारीक करू? बसत न्हाई एका ओळीत."

"बारीक न्हाई. बराबर नावाएवढं. न बसलं तं पत्रा मोठा आना."

खिडकी पुसायचा आवाज थांबला होता.

"अन् खाली लिवा, केदारखेडा."

तिथूनच मिलिंदला फोन लावला. "चौकशी झाली," म्हणालो. "गाळेवाल्याला हो सांग म्हन्लो तिला."  तो म्हणाला, "तुम्ही पाहिलं ना? मग झालं. बोर्डाचा फोटो पाठवा."

रविवारी दुपारी घरी परतलो. सुजाताने कॅन जालन्याच्या पाण्याने भरून दिला होता, तिच्या आजीला दाखवायला. आजीने घोटभर पिऊन पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि चौकशीहून आल्यावर ती कायम विचारते तेच विचारलं.

"खोड काय हाय?"

"पानी जपून घालतं. धुळीत खेळतं. अन् तुमी कोन म्हनून लय इचारतं."

"अन् गुन?"

"सांगितलं तं ध्यानात ठिवतं."

 "मंग देऊ पोरगी," ती म्हणाली, आणि तो कॅन नेऊन दारातल्या लिंबाला ओतला. मी सुजाताला फोन करून सांगितलं की हेल्मेटचा पट्टा ढिला आहे, तो आधी बदल.