टाकातली चंद्रा

भूतबाधा, लागीर, अंगात येणं – यातलं मी काहीही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून बरेच जण म्हणतील की म्हातारीला सवतीनं धरलं होतं. नातीनं तुमचं अनुभवांचं सदर असलेले जुने अंक आणून दिले. त्यात कुणाला पिंपळाखाली बाई दिसलेली, कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू आलेले... मला तसलं काहीच दिसलं नाही. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, हाताला चिंचेचा कोळ लागलेला असताना जे झालं तेवढं लिहिते. पन्नास वर्षांत कुणी ते सरळ ऐकून घेतलेलं नाही.

साल चौतीस किंवा पस्तीस. गाव पणदरे, तालुका बारामती. माझं नाव हौसा. मला सोळाव्या वर्षी दुसरेपणावर दिली. मालकांची पहिली बायको चंद्रा तापानं गेली होती. तिची यमी तेव्हा दोन वर्षांची होती, मी आले तेव्हा पाच वर्षांची. आमच्यात दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात – चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. मेलेल्या सवतीनं नवीला छळू नये म्हणून. नवं लुगडं आलं तरी आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. संसार माझा आणि परवानगी तिची, असा कारभार होता.

पण यमी माझी होती. पहिल्या आठवड्यात ती आपणहून माझ्या कुशीत येऊन झोपली, ते रोजचंच झालं. त्या घरात मला जीव लावणारं दुसरं कुणी नव्हतं. मालक चांगले होते असं सगळा गाव सांगायचा. ऊस होता, पाटाचं पाणी होतं, आणि पोथीचं वेड होतं. दुपारी ओट्यावर चार-पाच म्हातारे जमवून ते आत्मज्ञान सांगायचे. तू देह न्हाईस, तू नाव न्हाईस, समद्यांत येकच हाय तो तू. आवाज फार गोड. आत बसून आम्ही बायकांनी ऐकलं तरी चालायचं, फक्त समजून घ्यायचं नव्हतं.

त्या दुपारी मी परसात चिंच लावून टाक घासत होते. फार काळा पडला होता. ओट्यावर दागिन्यांचा दाखला चालला होता – पाटली आटवली, पुतळी आटवली, तरी सोनं कुठं जातं? मी टाकाकडे बघत होते. त्यावर चेहरा असा नसतोच, डोळ्यांचे दोन ठिपके असतात. मला त्यांची भीती वाटायची. सहज मनात आलं, ही चांदी आटवली तर चंद्रा कुठं जाईल? आणि मला आटवलं तर?

एवढंच. मग काय झालं ते सांगायला शब्द अपुरे पडतात, पण प्रयत्न करते. हात घासत होते, कोंबडी माती उकरत होती, ओट्यावरून मालकांचा आवाज येत होता, आणि हे सगळं ज्याला कळत होतं ते हौसा नव्हतं. हौसा हीसुद्धा त्याला कळणारी एक गोष्ट होती, कोंबडीसारखीच. ते मी पाच वर्षांची असताना होतं, लग्नात अक्षता पडल्या तेव्हा होतं, त्याचं वय वाढलेलं नव्हतं. आणि चंद्राच्या डोळ्यांतून तेच बघत होतं. तिच्यासारखं नाही – तेच. कीर्तनात सांगतात तसा आनंदाचा पूर वगैरे काही नाही. घरातली हरवलेली वस्तू आपल्याच कमरेला खोचलेली सापडावी, तसं वाटलं. भीती मात्र पार गेली. दोन भाकरी थापून होतील एवढा वेळ हे चाललं असेल.

तेवढ्यात यमी परसात आली आणि मी म्हटलं, "टिटवे, हिकडं ये."

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारात डाळ पाखडत होत्या. त्यांच्या हातून सूप पडलं. यमी तान्ही असताना रात्रभर रडायची, म्हणून चंद्रा तिला टिटवी म्हणायची. टिटवी अशुभ, म्हणून आत्याबाईंनी ते नाव घ्यायला बंदी केली होती, तर ती चोरून कानात म्हणायची. चंद्रा गेल्यावर ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. हे मला मागाहून कळलं. तेव्हा ते तोंडातून असंच निघालं, जसं आपल्या लेकराचं नाव निघतं.

पोरीचं हे नाव तुला कुणी सांगितलं, असं आत्याबाईंनी विचारलं. इथं माझी चूक झाली. मला वाटलं, या घरात रोज दुपारी हेच तर सांगतात, मग खरं बोलायला काय हरकत आहे. मी म्हटलं, "आत्याबाई, चंद्राबाई कुटं गेल्या न्हाईत. त्या अन् मी येकच हाय."

तिसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याहून भगत आला. मिरच्यांची धुरी केली, केस धरून माझं तोंड धुरात घातलं आणि विचारलं, "कोन हाय तू?"

मला आज हसू येतं. मालक वर्षानुवर्षं ओट्यावर हाच प्रश्न घालत होते. मी खोकत खोकत जे खरं होतं ते सांगितलं, "मला नाव न्हाय."

"नाव लपवतीया. लई चिवट हाय," भगत म्हणाला आणि आणखी मिरच्या टाकल्या.

मालक उंबऱ्यापाशी उभे होते. मी त्यांना म्हटलं, "तुमीच म्हनला न्हवं, समद्यांत येकच हाय म्हून?" त्यांनी मान खाली घातली. मग आईला एवढंच म्हणाले की बायकांच्या कानावर पोथी पडू द्यायला नको होती. मला त्या माणसाचा जेवढा राग तेव्हा आला तेवढा पुढं कधीच आला नाही. पुढं नुसती शिसारी राहिली.

चौथ्या की पाचव्या वेळी मी कबूल केलं. डोळे उघडत नव्हते, श्वास मिळत नव्हता. "चंद्रा हाय मी," म्हटलं. धुरी लगेच थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं. पण भगतानं पुढचा निवाडा दिला – ही पोरीसाठी आली आहे, पोरगी घरात आहे तोवर जायची नाही. दुसऱ्याच दिवशी यमीला तिच्या आजोळी, पळसदेवला पोचवलं. बैलगाडी वळणाआड जाईपर्यंत ती मला हाका मारत होती. मला खोलीत कोंडलं होतं. एक खोटं बोलून मी माझा श्वास सोडवला आणि लेक घालवली.

दोन वर्षांनी मला पळसदेवला जाऊ दिलं. मी बरी झाले असं ठरलं होतं, आणि तिथंही तसंच वागलीस तर पोरगी पुन्हा दिसणार नाही, असं आत्याबाईंनी बजावून पाठवलं होतं. भीमेच्या काठी जुनं देऊळ आहे, त्याच्या पायरीवर यमी बसली होती. सात वर्षांची. तिची आजी मागंच उभी होती. यमीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हळूच विचारलं, "तू माझी आय हायस का?"

मला ती दुपार जशीच्या तशी आठवत होती. उत्तर मला माहीत होतं. पण आजी ऐकत होती. आता हो म्हटलं तर ही घरी परत येणार नाही, असा हिशेब मी केला.

"न्हाय ग. तुजी आय देवाघरी गेली. मी हौसा."

ती उठली आणि आत गेली. पुढं तिला न्यायला माणूस पाठवला तर आली नाही. लग्न तिकडूनच झालं. मला ती अहो मावशी म्हणायची, शेवटपर्यंत.

मालकांचा गावात मोठा मान राहिला. देवळात त्यांचा हार घातलेला फोटो आहे. पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते देऊळ वर येतं म्हणतात, मी बघायला गेले नाही. टाक अजून माझ्या गळ्यात आहे. त्यानंतर किती वेळा चिंच लावून घासला, काही झालं नाही. टिटवी हे नाव मला कुठून आलं, याचंही उत्तर नाही. कदाचित एखाद्या शेजारणीच्या तोंडून ऐकलं असेल... असेलही. तुमच्यातल्या जाणकारांनी काय ते ठरवावं.

मला एवढंच ठाऊक आहे की मी कोण हे मला एकदा कळलं होतं. भगतानं विचारलं तेव्हा मी भीतीनं खोटं सांगितलं. आणि ज्या एकाच माणसाला माझं खरं उत्तर हवं होतं, तिला मी नाही म्हणाले.