गारठाबाई आणि न गोठवलेले तीन स्फटिक

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंना सगळे 'गारठाबाई' म्हणत. मी तिथल्या भांडारात होतो, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते मला अंमळ आधीच कळायचं. बाईंनी एकोणीस वर्षं एकच काम केलं. आरएनए नावाच्या, पेशीतल्या रेणूचा मिठाच्या कणाएवढा स्फटिक नायलॉनच्या फासात उचलायचा आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. उणे एकशे शहाण्णव अंश! असा गोठलेला स्फटिक एक्स-रेचा मारा निमूट सोसतो आणि रेणूचा आकार सांगतो. न गोठवलेला पाच मिनिटांत भाजून निघतो.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. बाई वशिल्याने लागल्या, असं लोक म्हणत. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

बाईंना एक खोड होती. दर खेपेतले दोन-तीन स्फटिक त्या न गोठवता काचेच्या बारीक नळीत बंद करून ठेवत. कशाला, म्हटलं की उत्तर एकच, "असू द्यावेत."

साहेबांचा शोधनिबंध शुक्रवारी जायचा होता. रेणूची शेपटी त्याच्यात बसवलेल्या औषधाला कायम बिलगून असते, असं त्यात ठासून लिहिलं होतं. पुढची सगळी कामं त्यावरच बेतलेली. बुधवारी बाईंनी गोठलेल्या स्फटिकावरून काढलेलं रेणूचं चित्र पाहिलं.

"भाऊजी, ही शेपटी जरा जास्तच अंग चोरून बसलीय."

"वहिनी, तुम्ही बुडवा. बघायचं आमच्यावर सोडा."

"थंडीत तुम्हीही मुटकुळं करून बसता. म्हणून काय बारा महिने तसेच असता?"

साहेब तडकले. "गोठवलेलं चित्र चुकीचं निघालं, तर तुमच्या एकोणीस वर्षांचं काय?"

"ते माझं मी बघेन. यंत्र चालू करा."

नळ्यांत त्या खेपेचे तीनच स्फटिक होते. पहिला लावतानाच फुटला. दुसऱ्याने बारा चित्रं देऊन मान टाकली. तिसरा मात्र साध्या हवेत, बावीस अंशांवर, हवी तेवढी चित्रं देऊन मगच संपला.

गुरुवारी संध्याकाळी पडद्यावर शेपटी दिसली. चांगली सैल. कधी औषधापाशी, कधी भलतीकडेच. थंडीने तिला एकाच जागी डांबलं होतं.

शुक्रवारी निबंध गेला नाही. यापुढे प्रत्येक खेप दोन्ही तऱ्हांनी तपासायची, असं ठरलं. दिराने वहिनीचं महत्त्व कमी केलं, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. पण नळीत स्फटिक भरणं तिथे बाईंखेरीज कुणालाच येत नव्हतं. आता साहेब रोज अकराला त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून शिकतात. आजवर सात फोडलेत.