अनवाणी ब्रेक

महाड ते वरंध माझी वडापची जीप. दारातच चपला काढायच्या, सीटखाली सारायच्या आणि अनवाणी गाडी चालवायची, ही आमच्या नाक्यावरच्या जुन्या ड्रायव्हरांची रीत. बूट घालून ब्रेक दाबणारा कोणी दिसला की मी म्हणायचो, हा घरी हातमोजे घालून जेवत असणार. क्लच कुठे पकडतो, ब्रेक आज जरा हलका लागतोय का, हे आधी तळव्याला समजतं. वळणावर म्हैस आडवी आली तर पाय ब्रेकवर जातो आणि शिवी मागून तोंडात येते. या पायाचा मला भारी माज होता.

त्या दिवशी बिरवाडीला पॅसेंजर घ्यायला थांबलो. शेजारच्या सीटवर वरंधची एक आजी होती, नेहमीची, महाडचा बाजार करून परतणारी. पिशवी सरळ करायला ती खाली वाकली ती वाकूनच राहिली.

"तुज्या पायाखाली रगात कसला रे?"

तिच्याच पिशवीतल्या मासळीचं पाणी असेल, असं मी म्हणणार होतो. मग पाहिलं. ब्रेकचं पॅडल लाल झालं होतं. पाय मांडीवर घेतला तर तळव्यात स्क्रू, अगदी डोक्यापर्यंत आत गेलेला. सकाळी गाडी धुताना रुतला असणार. म्हणजे महाडपासून मी तोच पाय दाबत आलो होतो. बोटाने चाचपला, तर बोटाला तो लागत होता, पायाला नाही. उपटून काढला, तरीही नाही. आजीने विचारलं, दुखत नाय काय रे? मी नाय म्हटलं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं, इतका घाबरलो.

बायको मला महाडला डॉक्टरांकडे घेऊन गेली. साखर बरीच वर्षं आहे, पण ती रक्तात असते एवढंच मला ठाऊक. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने गुडघ्याखाली ठोकलं, मग टाचेच्या वर. पाय टेबलावरून लोंबकळत राहिला, जरासुद्धा उडाला नाही. मग डोळे मिटायला लावले. अंगठा वर करतो की खाली, तेवढं सांगा म्हणाले. यात काय अवघड? मी धडाधड सांगत गेलो. वर, खाली, वर, वर.

बायकोचा हुंदका ऐकून डोळे उघडले. डॉक्टर हात खिशात घालून उभे होते.

"त्यांनी कवाच सोडलान," ती म्हणाली. "तुमी आपलं सांगताव."

पायाच्या नसा मेंदूला बातमी देईनाशा झाल्यात, डॉक्टरांनी समजावलं. मग मी गाडी कशी चालवतो, असं मी जरा चिडूनच विचारलं. डोळ्यांनी, ते म्हणाले, आणि सवयीने. बायको लगेच म्हणाली की हल्ली मी सारखा वाकून पॅडलकडे बघतो, तिने कितीदा पाहिलंय. घाटात, भरल्या गाडीत, मी रस्ता सोडून पायाकडे बघत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

तरी जखम भरल्यावर एक दिवस जीप नाक्यावर नेलीच. डॉक्टरला काय कळतं गाडीतलं, असं स्वतःला सांगत. गाडी भरली. आजी पुढेच बसली होती. चावी फिरवायच्या आधी म्हटलं, एकदा बघू. डोळे मिटले, पाय उचलला आणि ब्रेक दाबला. चांगला कचकन दाबला. माझी खात्री होती.

डोळे उघडून खाली पाहिलं. पाय अ‍ॅक्सिलेटरवर होता, तळापर्यंत दाबलेला.

"निगायचा ना रे?" आजीने विचारलं.

मी चावी काढली, उतरून तिच्या बाजूला गेलो आणि तिला उतरायला हात दिला.