एकाच बाजूचा बाण
चूक माझीच होती; ती आकृती मी गावासमोर लावायला नको होती. मार्करचा उग्र वास आला की आजही राणीसावरगावच्या शाळेतली ती दुपार आठवते. आमची संस्था बायकांच्या गटाला शेळ्यांसाठी निधी देणार होती. गावाचा भरवसा कुणावर आहे हे कळावं म्हणून मी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारलं होतं, "अडचणीत कुणाकडं जाता?" मग उत्तरांचे बाण मोठ्या कागदावर काढले, नावांसकट. मेंढ्या राखणाऱ्या एका बाईनं शेजारणीचं नाव सांगितलं होतं. त्या मेंढ्यावाल्या बाईचं नाव मात्र कुणीच घेतलं नव्हतं. बैठकीत मी उत्साहानं तेही दाखवलं. "हिनंबी माझं नाव घेतलं न्हाई?" तिनं शेजारणीकडं बघत विचारलं. मागून कुणीतरी हसलं, "तू गावात असतीस कवा? सदा मेंढरामागं हिंडायलीस!" शेजारणीनं मान खाली घातली. बाई घोंगडी उचलून निघून गेली, ती पुन्हा बैठकीला आली नाही. माझी बायको वारल्यापासून 'अडचणीत कुणाकडं जायचं?' हाच प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि मला एकही नाव सुचत नाही. परवा त्या मेंढ्यावाल्या बाईला माळावर शोधत गेलो. "माझं चुकलं, ताई," म्हणालो, "तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी चारचौघांत उघडं केलं."