मूर्तिजापूरच्या रसवंतीत

माझ्या बायकोला वाटतं, या माणसाचं आपल्याला माहीत नाही असं आता काही उरलेलं नाही. तिचा गैरसमज आहे. पुढे सांगतोय ते तिला ठाऊक नाही, ऑफिसात कुणाला ठाऊक नाही, अमरावतीच्या राजापेठेत ज्यांच्यासोबत रोज संध्याकाळी चहा होतो त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? असेल तसंही.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जिथे दंगा झाला, दगड पडले, दुकानं जळली आणि मग रस्त्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला चक्कीवरसुद्धा जाईनासा झाला, अशा वस्त्यांमध्ये मी जातो. दोन्हीकडची महिला मंडळं, बचत गट यांना एकत्र बसवतो, शिकवतो. बैठक कशी घ्यायची, अफवा आली तर खरंखोटं कसं करायचं, ठाण्यात कुणी बोलायचं. थोडक्यात, दुसऱ्याला धीर धरायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. हसू नका — म्हणजे हसा, पण थोडं थांबून हसा.

अकोल्याच्या जुन्या भागातली एक वस्ती. नाव लिहीत नाही. मधे एक गल्ली, अलीकडे शोभाताईंची पिठाची चक्की, पलीकडे रुखसानाआपांचं शिवणकाम. या दोघींना एका सतरंजीवर आणायला मला किती चकरा पडल्या ते विचारू नका. आणल्यावर मात्र दोघी अशा जमल्या की माझंच कुणी ऐकेना. मी म्हणत होतो आराखडा करू, त्या म्हणाल्या उन्हाळा लागला, आधी वाळवण करू. कुरड्या, पापड, सरगुंडे इकडचे, शेवया तिकडच्या, सगळं मिळून करायचं आणि मिळून विकायचं. मला ते पोरकट वाटलं. तोंडावर बोललो नाही, पण वाटलं.

शेवटच्या बैठकीत मी छाती ठोकून सांगितलं होतं, "काही झालं की पयला फोन मले. अमरावतीहून निघालो म्हणजे पोचलोच समजा." बायांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला आवडतात, हेही कबूल करून टाकतो.

आणि मग फोन आला. दुपारी, भर उन्हात. शोभाताई. चौकात दोन मोटारसायकली धडकल्या होत्या, एक पोरगा या बाजूचा, एक त्या बाजूचा. त्या बाजूचा दवाखान्यात नेला, आणि तो मेला अशी बातमी उठली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पोट्टे जमायला लागले होते. "सर, या लवकर."

मी निघालो. हे खोटं नाही. हेल्मेट घातलं, गाडी काढली, बडनेरा मागे टाकलं. मूर्तिजापूरपर्यंत मी अगदी शूर होतो. तिथे पेट्रोल पंपावर एकाने विचारलं, "अकोल्याले चालले काय? नका जाऊ भाऊ, तिकडे वातावरण बरोबर नाही." एवढंच म्हणाला तो. ओळख ना देख.

मी गाडी शेजारच्या रसवंतीपुढे लावली. पाच मिनिटं बसू म्हटलं. एक ग्लास प्यालो. मग दुसरा मागवला.

मागे कधी मला दगड लागला होता का? नाही. घरी कुणी आजारी होतं? नाही. मी भ्यालो. माझे हातपाय गार पडले आणि मला उठवेना — वैशाखात, मूर्तिजापूरला, जिथे सावलीतसुद्धा अंगाची लाही होते.

पुन्हा फोन वाजला. शोभाताईंनी विचारलं, "सर, कुठलोक आले?" आणि मी म्हणालो, "बोरगावपाशी अडवलं हो ताई, नाकाबंदी आहे. सोडूनच नाही राहिले." मी हे बोलत असताना रसवाल्याने नवा ऊस चरकात घातला आणि घुंगरू वाजायला लागले. छुमछुम, छुमछुम. मी फोनवर हात धरला. तोवर तो आवाज तिकडे गेला असणार. त्या म्हणाल्या, "बरं. ठेवतो मंग." आणि ठेवला.

आता त्यांनी काय केलं ते ऐका. हे सांगताना मला आजही अभिमानाने भरून येतं, आणि तो अभिमान मला शोभत नाही हेही कळतं.

अंगणात वाळवणाच्या बाजा, म्हणजे खाटा, होत्या. त्या बायांनी उचलून गल्लीत आडव्या लावल्या. एका तोंडाला कुरड्या-पापडांच्या, दुसऱ्या तोंडाला शेवयांच्या. बाजांवर धोतरं, धोतरांवर वाळवण, आणि बाजूला कावळे हाकायची काठी घेऊन बाया बसल्या, जशा रोज बसतात तशा. पोरं धावत आली आणि थबकली. अहो, अन्नावर पाय कोण देणार? त्यात ते ज्याच्या त्याच्या मायचं, मावशीचं, खालाचं. एकाने बाज सरकवायला हात लावला तर शोभाताई उभ्या राहिल्या. "तुडव ना! तुह्याच मायच्या हातच्या कुरड्या हायेत, तुडव!" पलीकडच्या तोंडाशी रुखसानाआपांची सासू ओरडत होती, "रख पाँव सेवइयों पे, देखूँ तो सही!"

तेवढ्या वेळात रुखसानाआपा आणि या बाजूची एक जण, दोघी एका ऑटोत दवाखान्यात गेल्या होत्या. खरंखोटं करायला दोघींनी जायचं, दोन बाजूंच्या — एवढं एक माझं शिकवलेलं त्यांनी वापरलं. परत येताना मेलेला माणूस सोबतच आणला. हनुवटीला टाके, तोंडात पान. त्याला गल्लीच्या मधोमध एका बाजेवर बसवलं, सगळ्यांना दिसेल असा. तो म्हणे पापड खायला लागला. कच्चा. वस्ती हसली, हो, चक्क हसली, आणि पोट्टे आपापल्या घरी गेले. एक खिडकी फुटली नाही.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. सगळ्यांनी मला शेवयांची खीर दिली. मी खाल्ली.

इथेच संपलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो, एवढंच. पण मी पुढे गेलो. ऑफिसात विचारलं, तुम्ही त्या दिवशी नव्हता का? मी म्हणालो, मुद्दाम गेलो नाही. प्रशिक्षकाने कठीण दिवशी मागे राहावं, तरच मंडळ पायावर उभं राहतं. सगळ्यांनी माना डोलवल्या. तेव्हापासून मी हे प्रत्येक शिबिरात सांगत आलो. अंजनगाव सुर्जीला सांगितलं, मोझरीला सांगितलं. पळ काढला त्याची पद्धत केली. शाल-श्रीफळही घेतलं, आणि गंमत बघा — पद्धत चालते! ठिकठिकाणची मंडळं माझ्याशिवाय उभी राहिली.

मोझरीच्या शिबिराला शोभाताई पहिल्या रांगेत होत्या. मी ती गोष्ट रंगवून सांगत होतो, "माझा विश्वास होता त्यांच्यावर." त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बायांनो, कोनाची वाट पाहू नका." अकोल्याच्या बायांना घरी सोडायला मीही गेलो, जीपमध्ये पुढे बसलो होतो. मूर्तिजापूर आलं तसं त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, "थांबव रे. सरले इथला रस आवडते."

सगळे उतरले, रस प्यायले. घुंगरू वाजत होते. त्यांनी माझ्या हातात ग्लास दिला, आणि मी एक शब्द बोललो नाही. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं?

यंदाच्या उन्हाळ्यात तिथे पुन्हा काहीतरी धुमसलं. मला चार दिवसांनी कळलं, तेही कुणाकडून तरी. बाजा पुन्हा गल्लीत आल्या होत्या, या खेपेला शेजारच्या वस्तीतूनही आल्या, आणि सगळं निभावलं. मी शोभाताईंना फोन लावला. मला का नाही कळवलं, विचारलं. चक्कीचा आवाज येत होता, त्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

"तुमाले काहून बोलवा लागते, सर? आमचं आमी पाह्यलं."

माझ्या कामात याहून मोठं यश नसतं. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला पेढे आणायला सांगितले. ती म्हणाली, कशाचे? मी म्हणालो, अकोल्याच्या बायांचे. ती दुपार आणि हे यश, दोन्ही त्यांची आहेत. माझी त्यातली जागा मूर्तिजापूरच्या रसवंतीतल्या बाकावर होती, दुसरा ग्लास पुढ्यात घेऊन.