आईच्या मांडीतली पट्टी

शेणींचा धूर नाकात गेला की १९७८ सालचा पंचगंगेचा घाट आठवतो. आईची रक्षा सावडताना तिच्या मांडीतली स्टीलची पट्टी सापडली. वीतभर, सहा भोकांची, धगीने काळवंडलेली. मोडलेल्या हाडाला ती मिरजेत बसवली, म्हणून आई पुन्हा चालली होती. वडिलांनी पट्टी पुसून सदऱ्याच्या खिशात टाकली. इकडे नैवेद्याला कावळा शिवेना. "दादा, वैनीचा जीव अडकलाय त्यात! सोड की पाण्यात," आत्या ओरडली. "पाय हाय त्यो तिचा," वडील म्हणाले. ऊन चढलं, तसं शेवटी त्यांनी पट्टी नदीत टाकली. थोड्या वेळाने कावळा शिवला. त्या दोन्हींचा संबंध मी लावत नाही. सगळे सुटल्यासारखे उठले. वडील पाण्याकडे बघत पुटपुटले, "आता चालंल कशी ती?" यंदा माझ्याही मांडीत पट्टी बसली आहे, पायरी चढताना वडिलांचं तेवढंच वाक्य ऐकू येतं.